नारपोलीच्या शाळेतली भोकांची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. खरं सांगायचं तर पुरती भिंतसुद्धा नाही. खरी भिंत माझ्या पाठीमागे आहे, विटांची, सिमेंटचा गिलावा केलेली. मी म्हणजे तिच्या अंगावर ठोकलेली लाकडी खोकी, खोक्यांच्या तोंडावर बारीक बारीक भोकांचा हार्डबोर्ड आणि पोटात पिंजलेल्या सुताचा कचरा. भिवंडीच्या नारपोली भागातल्या एका शाळेच्या लांबलचक वर्गात, फळ्याच्या अगदी समोर, सगळ्यात मागे मी उभी आहे. पोरं मला भोकांची भिंत म्हणतात, काही चावट पोरं चाळणी म्हणतात. मी कशालाही ओ देत नाही. ओ न देणं हेच माझं काम आहे आणि ते करता करता मी फार थकले आहे.

तुम्ही म्हणाल, हे कसलं काम? सांगते. रिकाम्या विहिरीत तोंड घालून तुम्ही कधी ओरडला असाल. आपलाच आवाज आपल्याकडे परत येतो आणि गंमत वाटते. पण तशा विहिरीत बसून कुणी तुम्हाला अपूर्णांक शिकवले तर? एक शब्द कानात शिरतोय तोवर आधीचा शब्द भिंतीला आपटून परत यायचा आणि दोघांची खिचडी व्हायची. आमच्या वर्गात तेच होत होतं. हा वर्ग मुळात लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. मालकानं आपली लूम दुसरीकडे हलवली आणि रिकामी शेड शाळेला भाड्यानं दिली. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, चहूबाजूंनी गुळगुळीत सिमेंट. यंत्रांसाठी बांधलेल्या जागेत माणसाच्या बोलण्याचा विचार कोण करतो?

डाव्या अंगाला लूम, उजव्या अंगाला लूम, दिवसपाळी, रातपाळी, खटखट खटखट. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बाहेरून येणारा तो आवाज मी थांबवू शकत नाही. कुणालाच तो थांबवता येत नाही. मी फक्त वर्गात जन्मलेला आवाज वर्गात भटकू देत नाही. एवढा साधा फरक लोकांच्या ध्यानात आला नाही, म्हणून येणारा जाणारा मला टोमणे मारून गेला, "एवढी खोकी ठोकली आणि खटखट आहे तशीच!" ऐकून ऐकून माझे कान किटले, आणि मला तर भोकंच भोकं.

माझा जन्म १९८६ सालचा. त्याआधीची हकिगत मी ऐकून सांगते, कारण ती माझ्यासमोर पुढे कितीतरी वेळा सांगितली गेली.

पाचवीच्या वर्गाला सरलाबाई शिकवत. भिवंडीतल्याच जुन्या घरातल्या, वडील कचेरीत कारकून. बाईंचा गळा मुळात गोड, पण या शेडमध्ये ओरडून ओरडून तो खरवडल्यासारखा झाला होता. त्यांच्या वर्गात जाहिदा नावाची मुलगी होती. शाळेत बसायची रीत अशी की ज्याला गुण जास्त तो पुढे, ज्याला कमी तो मागे. जाहिदा अगदी मागच्या बाकावर, भिंतीला टेकून बसे. प्रश्न विचारला की ती उभी राही, बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघे आणि काहीतरी भलतंच उत्तर देई. मग वर्ग हसे. हळूहळू तिनं उत्तर देणंच सोडून दिलं.

तिचे वडील मुनीरभाई. घराला लागूनच त्यांची चार लूम होती. कोकणातून आलेलं घराणं, पण पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतच मुरलेलं. ते एकदा भरल्या वर्गात आले आणि सगळ्यांसमोर सरळच बोलले.

"बाई, पोरगी मंद हाय, आमाला कबूल हाय. तुमी उगाच घसा फोडताव. यंदा नापास झाली तर घरी बसवतो. आईसंगं कांड्या भरील. क्या फायदा?"

कांडी म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची बारीक गुंडाळी. घरोघरच्या बायका-मुली त्या भरत. एकदा पोर कांड्या भरायला बसली की ती पुन्हा शाळेत येत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. वर्गातल्या काही मुली त्या वाटेनं गेलेल्या होत्या.

"परीक्षेपर्यंत थांबा, मुनीरभाई," बाई म्हणाल्या. "तोवर तिला माझ्याकडे राहू द्या."

सगळे म्हणत, लूमच्या आवाजानं ऐकू येत नसेल. बाईंनाही तसंच वाटे. पण एके दिवशी वीज बंद होती. वीज बंद म्हणजे लूम बंद, आणि लूम बंद म्हणजे नारपोलीत कधी नव्हे ती शांतता. बाईंनी ती संधी साधून शुद्धलेखन घातलं. जाहिदाच्या पाटीवर तरीही निम्मे शब्द चुकले. बाईंना मोठं नवल वाटलं. पंखे बंद, वर पत्रे तापलेले, पोरं घामानं निथळलेली, म्हणून त्यांनी वर्ग बाहेर पटांगणात नेला आणि तिथं पाढे घेतले. जाहिदा घडाघडा म्हणू लागली. बाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात प्रश्न विचारला. तिनं त्याचंही उत्तर दिलं, तेही बरोबर.

पाठमोऱ्या का, ते सांगायला हवं. लूमवाल्या घरातली माणसं कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकतात. खटखटाटात ओठ बघून बोलणं ओळखायची त्यांना सवय असते. जाहिदा वर्गात बाईंचे ओठ वाचून दिवस ढकलत होती. बाई फळ्याकडे वळल्या की बिचारीला अंधार. बाहेर मात्र ओठ दिसत नसतानाही तिला सगळं ऐकू येत होतं. म्हणजे पोर मंद नव्हती, दोष लूमचाही नव्हता. दोष त्या खोलीचा होता.

बाईंचा धाकटा भाऊ हरी मुंबईत गाणी ध्वनिमुद्रित करतात अशा एका स्टुडिओत नोकरीला होता. रविवारी बाईंनी त्याला शाळेत आणलं. त्यानं वर्गाच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी पत्र्याला गेली, मागच्या भिंतीला गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली आणि बराच वेळ खणखणत राहिली.

"ताई, तू म्हणतेस ना तुझं शिकवणं ही भिंत खाते?" हरी म्हणाला. "ती खात नाही गं. ती सगळं ओकते."

मग त्यानं उपाय सांगितला. मागच्या भिंतीवर खोकी ठोकायची, पण सगळी सारखी खोल नाहीत. एक उथळ, एक खोल, एक मधलं. गुळगुळीत भिंतीवरून आवाज चेंडूसारखा सरळ उडतो, उंचसखल भिंतीवर तो फुटून विखुरतो. खोक्यांच्या तोंडावर भोकं ठेवायची म्हणजे आवाज आत शिरेल, आणि आतल्या मऊ सुतात गुरफटून तिथंच निजेल. मला आजवर कुणी माझं काम इतक्या प्रेमानं समजावून सांगितलं नाही.

लूमच्या लाकडी सामानाची दुरुस्ती करणाऱ्या नूर मोहम्मद सुतारानं मला घडवलं. भंगारात निघालेल्या लूमची लाकडं त्यानं स्वस्तात आणली. म्हणजे माझी हाडं आधी लूममध्ये खटखट करत होती आणि उतारवयात त्यांच्या वाट्याला शांतता राखायचं काम आलं! नूर मोहम्मदचा हात फार साफ. त्याला वेडंवाकडं काम सहन होत नसे. उथळ खोक्याशेजारी खोल खोकं बसवताना तो सारखा कुरकुर करी.

"बाई, लोक बघून काय म्हनतील? नूर मोहम्मदचं डोकं फिरलं, की हात वाकडा झाला?"

"म्हणू दे. मी सांगेन सगळ्यांना, मीच वाकडं करायला लावलं."

"तुमी किती जनांना सांगत फिरनार?" असं म्हणून तो पुन्हा रंधा मारू लागे. त्याचं बोलणं मला त्या वेळी विनोदी वाटलं होतं. आता वाटत नाही.

पोटात भरायचं सूत मुनीरभाईंनी द्यायचं ठरलं. लूमखाली पडलेल्या तुटक्या सुताचा कचरा त्यांच्याकडे पोत्यांनी पडलेला असे. त्यांचा या खटाटोपावर काडीचा विश्वास नव्हता, पण बाईंचा शब्द मोडवत नव्हता. त्यांची बायको हबीबा, जाहिदा आणि दोन कामगार मिळून त्यांनी एका दिवसात सगळी खोकी भरली, वर भोकांचे हार्डबोर्ड ठोकले आणि मी तयार झाले. पुढच्या रविवारी हरी आला. मुनीरभाई, हबीबा, नूर मोहम्मद, सगळे बघायला जमले. हरीनं टाळी वाजवली.

टाळी खणखणली. पहिल्यासारखीच नव्हे, थोडी कमी, पण खणखणलीच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मल्या जन्मल्या नापास! मुनीरभाई हसले नाहीत, ते मला जास्त लागलं. ते जाहिदाकडे बघून म्हणाले, "चल गो, घरी." त्या दोन शब्दांत पोरीचं पुढचं सगळं आयुष्य होतं.

"जरा थांबा हो," हरी म्हणाला आणि त्यानं एका खोक्याचं तोंड उघडलं. आत हात घातला तर बोट शिरेना. सूत दगडासारखं घट्ट बसलं होतं.

"हे असं कुणी भरलं?"

"आमीच," हबीबा पुढे होऊन म्हणाली. तिला वाटलं, माल कमी पडला असा संशय घेतायत. "पायानं दाबून दाबून भरलंय, भाऊ. जास्तच दिलंय, कमी न्हाय. बोटभर जागा सोडली न्हाय आमी."

हरी कपाळाला हात लावून हसायला लागला. चूक झाली होती ती अशी. भिवंडीच्या बाजारात मालाची गाठ बांधतात ती पायानं तुडवून, ठासून बांधतात. ढिली गाठ म्हणजे बेइमानी. तसली गाठ दुसऱ्याला देणाऱ्याचं तोंडसुद्धा कुणी बघत नाही. शाळेला द्यायची वस्तू, ती तर या भल्या माणसांनी जास्तच इमानानं ठासली. पण आवाजाला आत शिरायला सुतासुतांमध्ये हवा लागते. ठासलेल्या सुतावर तो भिंतीसारखाच आपटतो.

"वहिनी, तुम्ही प्रामाणिकपणा फार केलात," हरी म्हणाला. "आता जरा बेइमानी करा."

हबीबाही मग पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवशी दुपारभर वर्गाच्या फरशीवर बसून हबीबा, जाहिदा आणि सरलाबाई सूत मोकळं करत होत्या. बोटांनी ओढून, पिंजून, फुलवून. शेडभर सुताचे तंतू उडत होते. जाहिदाच्या केसांत, भुवयांवर पांढरं पांढरं बसलं होतं आणि ती जन्मात बोलली नसेल इतकं बोलत होती. माझं पोट त्या तिघींच्या हातांनी भरलेलं आहे, हे मी कधी विसरले नाही.

खोकी पुन्हा बंद झाली. हरीनं टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली. बस्स, एवढंच. कुणाला काही विशेष वाटेना. नूर मोहम्मद म्हणाला, "आँ? झालं?" माझं काम नीट झालं की असंच होतं, मित्रांनो, काहीच होत नाही.

बाईंनी मात्र जाहिदाला तिच्या नेहमीच्या मागच्या बाकावर, माझ्याजवळ बसायला सांगितलं. स्वतः त्या फळ्यापाशी गेल्या, फळ्याकडे तोंड केलं आणि घरात बोलावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "जाहिदा, उद्या येशील ना?"

"येईन, बाई," जाहिदा म्हणाली.

मुनीरभाईंनी आपल्या मुलीकडे पाहिलं. मग बाईंच्या पाठीकडे पाहिलं. "परत इचारा," ते म्हणाले. बाईंनी परत विचारलं. ती परत येईन म्हणाली. मुनीरभाई बाहेर जाऊन पटांगणात उभे राहिले. पोरीला त्यांनी वर्गासमोर मंद म्हटलं होतं, ते त्यांना आठवत असावं.

जाहिदा पास झाली. पहिली-बिहिली आली नाही, पण बऱ्या गुणांनी पास झाली, आणि तिला पुढच्या बाकावर बोलावलं तेव्हा ती म्हणाली, मला भिंतीजवळच बसू द्या. मग माझं थोडं कौतुक झालं. दुसऱ्या शाळांतले गुरुजी बघायला आले, टाळ्या वाजवून गेले. सरलाबाईंचा गळा सुधारला, त्या आता कविता चालीवर म्हणू लागल्या. ते माझे सुखाचे दिवस होते. दिवसभर पोरांचा कलकलाट पोटात घ्यायचा आणि संध्याकाळी दमून उभं राहायचं. तसं दमण्यात समाधान असतं.

पण कौतुक फार दिवस टिकत नाही. हरी दूरच्या गावी बदलून गेला. नूर मोहम्मद अल्लाघरी गेला. जाहिदा सातवी होऊन मोठ्या शाळेत गेली. पुढे सरलाबाईही निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि नव्या मास्तरांना माझ्याबद्दल पुष्कळ सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

मग मी नुसती एक विचित्र दिसणारी भिंत उरले. पोरांनी माझ्या भोकांत खडूचे तुकडे खुपसले, पेन्सिलींची टोकं खुपसली, चिठ्ठ्या खुपसल्या. शाईची पेनं माझ्यावर झाडली. एका कोपऱ्यात वाळवी लागली, दुसऱ्या कोपऱ्यात गांधीलमाशांनी घर केलं. खोल खोक्यांवर धूळ बसली, ती पुसायचं कुणाला सुचलं नाही. तरी उरलेल्या भोकांनी मी आवाज गिळत राहिले. कुणाला ठाऊक नव्हतं की कुणीतरी काम करतंय. मला राग यायचा, मग रागाचाही कंटाळा आला. भिंतीनं रुसून तरी जायचं कुठं?

१९९८ साली नवे मुख्याध्यापक आले. टापटिपीचे फार भोक्ते. त्यांनी मला एकदा खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "हे काय भंगार लावून ठेवलंय? काढून टाका. इथं सुविचार लिहू."

तेव्हा मागून एक आवाज आला, "सर, ही भिंत काढू नका."

मी तो आवाज लगेच ओळखला. मोठा झाला होता, भारदस्त झाला होता, पण तोच. जाहिदा शिक्षिका होऊन त्याच शाळेत आली होती, आणि पाचवीचाच वर्ग तिला मिळाला होता. मुनीरभाईंची पोरगी आता जाहिदाबाई! मला किती आनंद झाला म्हणून सांगू. माझ्या पोटातलं सूत तिच्या बोटांनी फुललेलं होतं.

"या भिंतीमुळं मी शिकले, सर," ती म्हणाली.

"असेल. पण हा अवतार बघा तिचा. शाळेत पाहुणे येतात."

"मी नीट करून घेते. माझ्या पगारातून. मे महिन्याच्या सुट्टीत अगदी नवी करते, तुम्ही बघाच."

मुख्याध्यापक कबूल झाले. माझा जीव भांड्यात पडला. पडलेला जीव भांड्यातून उचलून घ्यायला मला पुढे फार त्रास झाला.

सुट्टी लागली. जाहिदा आजारी मावशीकडे गावी गेली आणि जाताना काम रघू रंगाऱ्याला सांगून गेली. "एकदम स्वच्छ, गुळगुळीत कर. पैशाकडे बघू नकोस." रघू प्रामाणिक माणूस. त्यानं वाळवी काढली, गांधीलमाशांचं घर काढलं, शाईचे डाग घासले. तोवर मी त्याला दुवा देत होते. मग त्यानं लांबीचा डबा उघडला. भिंत रंगवण्याआधी तिच्या भेगा आणि खड्डे ज्या लगद्यानं बुजवतात, ती लांबी. त्यानं पातळ लोखंडी पत्रीवर लांबी घेतली आणि माझं पहिलं भोक बुजवलं.

मी ओरडू शकत नव्हते. ओरडायची मला सवयच नव्हती. रघू शीळ घालत एकेक ओळ बुजवत गेला, वाळल्यावर घासत गेला, राहून गेलेली पुन्हा बुजवत गेला. वर त्यानं चकचकीत आकाशी रंगाचे दोन हात दिले. मला आंधळं झाल्यासारखं वाटलं, मित्रांनो, आणि श्वास कोंडल्यासारखं. आतलं मोकळं सूत आत तसंच होतं, फक्त त्याच्यापर्यंत आता काही पोचत नव्हतं.

जाहिदा परत आली. रघू अभिमानानं म्हणाला, "बघा बाई. एक भोक ठेवलं न्हाय." आणि जाहिदाचे डोळे भरून आले. ती खूश झाली होती हो! तिच्या आठवणीत माझं सगळं गुपित त्या दुपारच्या पांढऱ्या सुतात होतं. भोकं तिला आठवत होती ती खडू खुपसण्यापुरती. तिनं माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती सुंदर दिसतेस." माझ्यावर इतकं प्रेम कुणी केलं नव्हतं, आणि इतकं नुकसानही कुणी केलं नव्हतं. आता मी कुणावर रागावू?

जूनमध्ये वर्ग भरला. जाहिदा शिकवू लागली आणि तिचा प्रत्येक शब्द माझ्या चकचकीत अंगावर आपटून परत जाऊ लागला. मला तो धरता येईना. पोरं चुळबुळू लागली. तिनं आवाज चढवला. चढवलेला आवाज मी चढवूनच परत फेकला. ती आणखी ओरडली. दिवाळीपर्यंत तिचा गळा सरलाबाईंच्या जुन्या गळ्यासारखा झाला. पाहुणे आले, मुख्याध्यापकांनी मला दाखवलं, पाहुणे म्हणाले, "वा, छान रंग." मला त्या रंगाची किळस आली होती.

मागच्या बाकावर गोदू नावाची मुलगी बसायची. अंजूरहून आलेलं घर, आई-बाप दोघं लूमवर कामाला. अंगानं चिमणी, डोळे मोठे. ती जाहिदाच्या तोंडाकडे टक लावून बघे. जाहिदा फळ्याकडे वळली की तिची मान एका बाजूला कलती होई, कुठून काही ऐकू येतंय का ते शोधत असल्यासारखी. ती मान मी ओळखत होते. माझ्या जन्माआधी याच बाकावर जाहिदाची मान तशीच कलत असे, असं मी कितीदा ऐकलं होतं. ती ओळखायला हवी होती जाहिदानं. पण ती आता फळ्यापाशी उभी होती, आणि तिथून मागचा बाक वेगळा दिसतो.

एके दिवशी गोदूनं तिसऱ्यांदा भलतंच उत्तर दिलं. वर्ग हसला. जाहिदा दमलेली होती, गळा दुखत होता. ती म्हणाली, "गोदू, तू मंद आहेस का गं?"

गोदू खाली बसली. तिनं नंतर उत्तर देणं सोडून दिलं. दोन दिवस ती आलीच नाही. शेजारची पोरगी म्हणाली, "बाई, तिची आई बोलली, आता कांड्या भरायला बसवू."

जाहिदाच्या हातातला खडू तसाच राहिला. संध्याकाळी ती गोदूच्या घरी गेली असणार, कारण दुसऱ्या दिवशी गोदू तिच्या मागून वर्गात आली. नेमकी त्या दिवशी वीज बंद होती. लूम गप्प. पत्रे तापले, आणि जाहिदानं वर्ग पटांगणात नेला. खिडकी उघडी होती म्हणून मला सगळं ऐकू आलं. जाहिदानं पाढे विचारले. गोदूचा आवाज बारीक, पण खणखणीत. तिनं पंधराचा पाढा न अडखळता म्हटला, सोळाचा म्हटला. सतराचा जाहिदानं विचारलाच नाही.

थोड्या वेळानं ती एकटी आत आली. रिकाम्या वर्गाच्या मधोमध उभी राहिली, माझ्याकडे बघत. तिनं एक टाळी वाजवली.

आणि मी ओ दिली. जन्मात कधी आपणहून दिली नव्हती ती ओ मी तिला दिली. टाळी पत्र्याला गेली, माझ्याकडे आली, मी ती तिच्याकडे फेकली, ती पुन्हा आली, मी पुन्हा फेकली. मला दुसरी भाषा येत नव्हती. तिच्याच टाळीनं मी तिला सांगत होते, बघ, तू माझं काय केलंस ते बघ.

ती माझ्याजवळ आली. बोटानं अंग चाचपू लागली, गुळगुळीत, गार, आकाशी. कुठंतरी लांबी जराशी खचली होती तिथं तिचं नख अडलं. "भोकं," ती म्हणाली. "या अल्ला. भोकं." आणि माझ्या अंगावर डोकं टेकून ती रडली. मला तिचं रडणंही पोटात घेता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आली. हबीबा आता म्हातारी झाली होती, पण लूमच्या फणीतून सूत ओढायचा बारीक आकडा अजून तिच्या बटव्यात असे. तो घेऊन ती माझ्यापुढे फतकल मारून बसली आणि पहिल्या भोकातली लांबी टोकरू लागली. "तवा दाबून भरलं, आता रंगवून बुजवलं," ती पुटपुटली. "आमचं परेमच असं, मेलं. जागाच ठेवत न्हाय." जाहिदा दुसऱ्या ओळीला लागली. पोरांनी कंपासपेटीतली कर्कटकं काढली. मुख्याध्यापक दारात आले, माझ्यावरचे ओरखडे बघितले आणि आल्या पावली परत गेले. त्यांचेही उपकार म्हणायचे.

माझी सगळी भोकं काही मोकळी झाली नाहीत. वरच्या ओळींपर्यंत कुणाचा हात पोचला नाही, काही ठिकाणी हार्डबोर्डच फुटला. आकाशी रंगावर ओरखडेच ओरखडे उठले. पूर्वी मी विचित्र दिसत होते, आता भयंकर दिसते. पण खालच्या अर्ध्या अंगानं मी पुन्हा श्वास घेऊ लागले. शेवटी जाहिदानं गोदूला मागच्या बाकावर बसवलं, स्वतः फळ्याकडे तोंड केलं आणि फाटलेल्या गळ्यानं, अगदी हळू विचारलं, "गोदू, उद्या येशील ना?"

मी कान टवकारले. जाहिदाची पाठ ताठ झाली होती.

"आता रोज तं येनारच हाय, बाई," गोदू म्हणाली. "तुमीच तं घरी येऊन बोललाव."

म्हातारी हबीबा हसली. जाहिदा मात्र फळ्याकडेच तोंड करून उभी राहिली.

मित्रांनो, माझं आता थोडंच उरलं आहे. वाळवी पुन्हा आली आहे, पत्रा गळतो, आणि शाळेची नवी इमारत होणार असं कानावर येतं. मला वाचवा असं मी म्हणणार नाही, इतकी मी दमले आहे. एवढंच मागते. नव्या इमारतीत मागच्या भिंतीशी कुणीतरी बसणारच आहे. तिथं एकदा उभं राहून टाळी वाजवून बघा. आणि कुठं माझ्यासारखी उंचसखल, भोकाभोकांची, कुरूप वस्तू दिसली तर तिला सुंदर करायला धावण्याआधी विचारा, बाई, तू काय काम करतेस? ती सांगणार नाही. तुम्हालाच थांबून ऐकावं लागेल.

घंटा झाली. पोरं आत येतायत. आता मला गप्प राहू द्या.